बारा

पद्माण्णा मगदुमांनी कॅमेरा हातात दिला तेव्हा
त्याच्या चामड्याच्या पिशवीला बुरशीचा वास होता
आणि माझ्या बोटांना हळदीचा.
एकवीस वर्षं मी मार्केट यार्डात अडत्याच्या वह्या लिहिते.
साडेचार हजार त्यांनी दोनदा मोजले,
मग पाचशे परत केले.
“एक सेकंदाचं शटर अडकतंय. थंडीत दीड होतंय.”

दोन डोळे, एकाखाली एक.
वरचा बघायला, खालचा लिहायला.
बॅटरी नाही, मीटर नाही.
“ऊन कडक तर सोळा,” ते म्हणाले,
“ढग आला तर अकरा. आकडा आभाळात नसतोय बाई,
सावलीची कड बघा. कड इरली की आठ.”
मी बिलबुकाच्या पाठीवर लिहून घेतलं, कालच्या दरांखाली:
राजापुरी, सेलम, सोळा, अकरा, आठ.

काचेत जग उलटं.
आयर्विन पुलावरची सायकल डावीकडं निघालेली,
काचेत उजवीकडं.
मी काचेवर भरवसा ठेवून वळायची
आणि सायकल चौकटीतून सांडायची.
तीन आठवडे मी माझ्याच गल्लीतसुद्धा
वळायच्या आधी थांबत होते.

पहिला रोल रात्री गोधडीखाली उलगडला,
कागद वेगळा, फिल्म वेगळी, कोपरापर्यंत घाम.
औषधाला वीस अंश हवे होते
आणि एप्रिलमध्ये सांगलीचं पाणी नळातूनच तापून येतं.
म्हणून संध्याकाळीच गोळेवाल्याकडनं बर्फ आणून ठेवलेला.
“बाई, नुसताच? काला खट्टा तरी घालू?”

फिल्म निघाली काचेसारखी. स्वच्छ. बाराच्या बारा.
पद्माण्णांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली,
मग कॅमेरा उलटा केला.
खालच्या डोळ्यावर अजून होतं
त्यांनीच कधीतरी बसवलेलं, बामच्या डबीचं झाकण.
वरच्यानं सगळा गाव बघितला होता,
खालच्याला कुणी उठवलंच नव्हतं.
“माझाबी पहिला असाच,” ते म्हणाले. “लग्नाचा होता.”
कुणाच्या?
“नाही सांगत. हाईत अजून गावात.”

दुसऱ्या रोलला लगमण्णा हमाल
पोत्यांच्या थप्पीला टेकून, छाती भरून उभा राहिला.
मी मान खाली घालून चाक फिरवत होते,
पुढं, मागं, केसभर पुढं.
“ओ बाई, मला बघा की. खाली काय बघताय?”
तुम्हालाच बघतीय.
“मग मान वर करून बघा!”
पोत्याच्या सुतळीचा टाका न् टाका आला,
लगमण्णा तेवढा धुक्यात.
त्यानं फोटो लांब धरला, जवळ धरला.
“पोतं झकास आलंय,” म्हणाला.

तिसऱ्या रोलचे अकरा कुठं गेले
ते सांगण्यासारखं नाही.
बारावा हरिपुरात.
पेवं बहुतेक बुजली. एक उघडत होते,
सकाळपासून तोंड मोकळं ठेवलेलं, वारा आत जाऊ दे म्हणून.
मग दोरीला कंदील.
कंदील विझला नाही, तेव्हा इरगोंडा उतरला,
आधी पाय, मग खांदे, मग
नुसता आवाज, मडक्यात बोलल्यासारखा.

मी कडेला गुडघे टेकले.
कॅमेऱ्याचं तोंड खड्ड्यात केलं
आणि काच आपोआप माझ्यासमोर उभी राहिली.
तेव्हा कळलं, या वेळी माझी मान ताठ आहे,
वाकलाय तो.
एका भोकातून उजेड, आत सगळा अंधार,
अंधाराच्या तळाशी हळद
आणि वर बघणारा एक चेहरा.
माझ्या हातातल्या डबीत, त्या क्षणी,
याहून वेगळं काही नव्हतं.

कंदिलाला सोळा नाही, आठ नाही. सगळं उघडलं.
एक सेकंद. म्हणजे दीड.
“इरगोंडा, हलू नको!”
खालून आवाज आला, “हलायला जागा कुठाय?”

तांबड्या खिडकीत बाराचा आकडा
मी उगाच थोडा वेळ तसाच राहू दिला.

रोल अजून धुतलेला नाही.
कपाटात आहे, फॉइलमध्ये, त्याच्यावर पिवळा अंगठा.
उद्या बर्फ आणीन.